बरक्याच्या दवाखान्यात मिळालेला निरोप

त्या सोमवारी तेजसचा फोन आला नाही. आमच्या घरात सोमवार हा तेजसचा वार. तेजस आमचा एकुलता एक मुलगा, तेव्हा फिलिपिन्समधल्या एका लहानशा बेटावर होता आणि आठवड्यातून त्या एकाच दिवशी घरी फोन करायचा. मी मस्कतला, बौशरमधल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मला कुणी हाक मारायची नाही, हे तिथल्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं. शनिवारी त्या बाजूला मोठं वादळ धडकल्याचं आम्ही टीव्हीवर पाहिलं होतं. तारा तुटल्या असतील, टॉवर पडला असेल, संध्याकाळपर्यंत करेल, असं मी स्वतःला समजावत डबा उघडला आणि तसाच बंद केला. संध्याकाळ झाली, तिकडे तर रात्र पडली असणार, आणि फोन आला नाही. देवावर माझा भरवसा आहे असं मी जन्मभर म्हणत आले होते. तो भरवसा किती पातळ आहे ते पुढच्या आठवड्यात मला कळलं.

तेजस तिथे काय करत होता, हे आधी सांगायला हवं. तो मस्कतमध्येच वाढला, इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकला. मराठी समजतं सगळं, पण बोलताना अडखळतो, आणि अडखळला की इंग्रजीत पळतो. कॉलेजसाठी आम्ही त्याला पुण्याला माझ्या भावाकडे ठेवलं. हेतू हा की पोराला आपली माणसं कळावीत, सणवार कळावेत. त्याला कळलं ते भलतंच. कॉलेजातल्या एका मित्राबरोबर तो मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या प्रार्थनेला जाऊ लागला, आणि दोन वर्षांनी आम्हाला समोर बसवून म्हणाला की मी त्यांच्यातला झालोय. आमचं घर दत्ताचं. गुरुवारचा उपवास, पौर्णिमेला नैवेद्य, सासूबाईंनी दिलेली दत्ताची तसबीर मस्कतच्या तीन भाड्याच्या घरांतून आमच्याबरोबर फिरलेली. माझे यजमान, सुधीर, त्या दिवशी ताटावरून उठले ते कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मी बोलले, भांडले, रडले, आणि शेवटी थकले. मग त्याने सांगितलं की त्यांच्यातली तरुण मुलं दोन वर्षं घर सोडून, सांगतील त्या देशात सेवेला जातात, आणि मलाही जायचंय. मी मनात म्हटलं, जाऊ दे. ज्याला सकाळी स्वतःचे मोजे सापडत नाहीत तो परक्या मुलखात किती दिवस टिकणार? कंटाळेल आणि गपचूप परत येईल.

तो कंटाळला नाही. सोमवारच्या फोनवरून त्याचा दिवस मला हळूहळू पाठ झाला. पहाटे उठायचं, व्यायाम, मग ग्रंथाचा अभ्यास, मग तिथली भाषा घोकायची. पांढरा शर्ट, टाय, खिशाला आडनावाची काळी पाटी, आणि दिवसभर उन्हात पायी किंवा सायकलवर. कुणाचं कौल बसवून द्यायचं, कुणा म्हातारीची भांडी घासायची, कुणी दारात उभं केलं तर देवाबद्दल बोलायचं, कुणी दार लावून घेतलं तर पुढचं दार. चहा नाही, कॉफी नाही. माझ्या आल्याच्या चहावर वाढलेलं पोर ते! कधीही एकटं राहायचं नाही, दोघांच्या जोडीनेच हिंडायचं, आणि जोडीदाराने नजरेआड व्हायचं नाही. तेजसचा जोडीदार सामोआकडचा, दारात उभा राहिला की मागचं काही दिसायचं नाही असा धिप्पाड, आणि फोनवर मला बघितलं की लाजून चूर. सोमवार त्यांचा कपडे धुवायचा दिवस. तेजस शर्टाची कॉलर कॅमेऱ्यासमोर धरून विचारायचा, "आई, हे यलो कसं काढायचं?" मी सांगायची, साबण लाव, जुन्या ब्रशने घास, उन्हात टाक. ज्या धर्माचं मला नाव काढवत नव्हतं, त्याच्या कॉलरी मस्कतमध्ये बसून मीच पांढऱ्या करत होते. त्यांच्यात या मुलांना नावाने हाक मारत नाहीत, आडनावापुढे 'एल्डर' लावतात. एल्डर म्हणजे वडीलधारा! मला हसूच फुटलं होतं. मी त्याला एकदाही तसं म्हटलं नाही. माझ्यासाठी तो तेजसच.

बाहेर मात्र मी यातलं काहीच कुणाला सांगितलं नव्हतं. इथे ओमानात जो तो आपापला देव आपापल्या जागी भजतो, त्याला कुणी आडकाठी करत नाही. पण दारोदार जाऊन धर्म सांगायची परवानगी नाही, आणि 'मिशनरी' हा शब्दसुद्धा आपण मोठ्याने उच्चारू नये असं आम्हाला वाटायचं. शिवाय मराठी मंडळातल्या बायका. गणपतीत कुणीतरी विचारलं, तेजस काय करतो सध्या? मी म्हटलं, फिलिपिन्सला असतो. "अय्या, एमबीबीएसला का? माझा भाचाही तिथेच आहे!" आपली किती मुलं तिथे डॉक्टर व्हायला जातात ते सगळ्यांना ठाऊक. मी नाही म्हटलं नाही. तेव्हापासून तेजस सगळ्या बौशरमध्ये डॉक्टर होऊ लागला. दवाखान्यातले आमचे डॉक्टर तर तो परत आला की कुठे लावून घ्यायचा याचे बेत करत होते. इतक्या वेळा सांगून ते माझ्या तोंडात इतकं बसलं होतं की खोटं बोलतोय असं वाटायचंही बंद झालं होतं.

मंगळवारी तेजसच्या मिशनच्या फिलिपिन्समधल्या कार्यालयाचा मेल आला. भाषा अतिशय सौम्य होती. बहुतेक सगळ्या मुलांशी संपर्क झाला आहे, दूरच्या काही बेटांवरच्या जोड्यांशी व्हायचा आहे, प्रयत्न चालू आहेत, प्रार्थना करावी. मी फोन केला. एक तरुण आवाज आदराने म्हणाला की तुमचा मुलगा त्या दूरच्या बेटांपैकी एकावर आहे, होड्या अजून सुटत नाहीत, कळलं की पहिला फोन तुम्हाला. सुधीर मस्कतपासून दूर, सोहारच्या कारखान्यात असतात आणि गुरुवारी संध्याकाळी सुट्टीला घरी येतात; त्या आठवड्यात नेमकं तिथे शटडाउनचं, म्हणजे यंत्रं बंद ठेवून दुरुस्तीचं काम निघालं होतं आणि त्यांना निघता येत नव्हतं. फोनवर दोघंही एकमेकांना धीर द्यायचो आणि फोन ठेवला की, मला खात्री आहे, तेही माझ्यासारखेच भिंतीकडे बघत बसत असणार. मी तसबिरीपुढे बसायची, पण जप व्हायचा नाही. ओठ हलायचे आणि डोळ्यांपुढे टीव्हीवरची पाण्यात उभी असलेली छपरं यायची. मग मी देवाशी घासाघीस करायची. त्याला घरी आण, मी गाणगापूरला अनवाणी येईन. त्याला घरी आण, मी मीठ सोडीन. मध्येच वाटायचं, ज्याने तुला सोडलं त्याच्यासाठी मी तुझ्याकडे कोणत्या तोंडाने मागतेय? आणि त्याने ज्याला धरलं त्याच्याकडे मागावं, तर माझी तिथे ओळखच नाही. अशी दोन्ही दारांच्या मध्ये मी उभी होते, आणि खरं सांगते, दोन्ही दारांच्या आत कुणी नाही असंही त्या दिवसांत वाटून गेलं.

बुधवारी एका बाईंचा फोन आला. मस्कतमधली मॉर्मन मंडळी दर शुक्रवारी एकत्र प्रार्थना करतात. तेजसने जाताना माझा नंबर तिथे दिला होता. मी कधी त्यांच्याकडे फिरकले नव्हते. बाई म्हणाल्या, येत्या शुक्रवारी आम्ही सगळी कुटुंबं तुमच्या मुलासाठी उपवास करणार आहोत. मी आभार मानले आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, तुमच्यात उपवासाला काय चालतं? त्या म्हणाल्या, काहीच नाही, पाणीसुद्धा नाही.  माझा गुरुवारचा उपवास म्हणजे खिचडी, दाण्याची आमटी, वर लिंबाचं लोणचं. आणि ज्या लोकांनी मला पाहिलंही नाही ते माझ्या पोरासाठी घोटभर पाणी घेणार नव्हते. मी ठरवलं, शुक्रवारी मीही तोंडात पाणी घ्यायचं नाही. ते कुणाच्या देवासाठी, याचा विचार केला नाही.

शुक्रवारी सकाळी घर खायला उठलं. सुधीरना येता येत नसेल तर आपण सोहारला जावं, म्हणून मी इब्राहिमभाईंना फोन केला. हे रत्नागिरीकडचे, मस्कतच्या मत्रह बाजारात एका कपड्यांच्या दुकानाची गाडी चालवतात आणि सुट्टीच्या दिवशी आमच्यासारख्यांना विमानतळावर वगैरे सोडतात. त्यांना मी एवढंच सांगितलं होतं की वादळात मुलाचा पत्ता लागत नाही. गाडीत बसल्याबरोबर ते म्हणाले, "वैनी, मी काल घरवालीला गावाला फोन करून सांगितलंय. ती पन दुवा करतेय. तुमी रडू नका." त्यांनी पाण्याची बाटली मागे माझ्यापुढे केली, मी हाताने नको म्हटलं. "रोजा हाय काय तुमचा?" मी म्हटलं, तसंच समजा. त्यांनी बाटली परत ठेवली आणि पुढे वाटेत स्वतःही पाणी प्यायले नाहीत.

वाटेतल्या बरका गावाजवळ आलो तेव्हा जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली होती. इब्राहिमभाईंनी मशिदीच्या बाजूला सावलीत गाडी लावली. "येतो नमाज पढून. एसी चालू ठेवतो, आतच बसा." सगळी दुकानं बंद, रस्ता रिकामा. मी काचेतून मशिदीत शिरणारी माणसं बघत होते, कोळी, ड्रायव्हर, पांढऱ्या पायघोळ दिशदाशातले ओमानी बापलेक. एकाएकी गाडीत गुदमरायला लागलं. दार उघडून बाहेर पाय टाकला, वरून उन्हाचा तडाखा बसला, आणि पुढचं आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा मी एका छोट्या दवाखान्यातल्या पलंगावर होते. इब्राहिमभाई दाराशी टोपी मुठीत धरून उभे, आणि माझ्या मनगटावर एका फिलिपिनो नर्सची बोटं. तिचं नाव लॉर्ना. माझ्याच वयाची असेल. तिचे डोळे रडून सुजलेले होते. मला वाटलं, आजारी मी आहे की ही?

तिने इंग्रजीत विचारलं, मॅम, काल रात्रीपासून काही खाल्लंय का? मी म्हटलं, उपवास आहे, पाणी नको. ती रागावली. कशासाठी? मग मात्र माझा बांध फुटला. मी म्हटलं, माझा मुलगा तुमच्या देशात आहे, वादळात सापडलाय. तिने माझं मनगट सोडलं. कुठलं बेट? मी नाव सांगितलं. ते नाव मी मस्कतमध्ये ज्याला ज्याला सांगितलं होतं त्याने त्याने ते फोनवर नकाशात शोधून पाहिलं होतं. लॉर्ना पलंगाच्या कडेवर बसली. म्हणाली, मी तिथली आहे, मॅम. माझं घर तिथे आहे. होतं. तिचा भाऊ समोरच्या मोठ्या बेटावर होडी चालवायचा. होड्या त्याच सकाळपासून सुटू लागल्या होत्या, तो तांदूळ पोचवून परतला होता आणि तिची आई जिवंत असल्याचा निरोप तिला तासाभरापूर्वी मिळाला होता. ती रडत होती ती त्या सुखाने. आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून बसलो. मग तिने डोळे पुसले, फोन काढला आणि विचारलं, मुलाचं नाव काय? काय करतो तिथे?

मी म्हटलं, तेजस. शिकतो. डॉक्टरीला आहे.

बघा. देवाने एवढ्या मोठ्या जगातून एक माणूस उचलून माझ्या पलंगाशी आणून बसवलं होतं, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते हे. मी मुद्दाम केलं नाही. दाराशी इब्राहिमभाई उभे होते, पलीकडे ओमानी कंपाउंडर होता, आणि जीभ आपोआप नेहमीच्या वाटेने गेली. लॉर्नाच्या चेहऱ्यावर जरा नवल उमटलं, त्या बेटावर कुठलं आलं मेडिकल कॉलेज! पण मुलं सुट्टीत हिंडतात, तसा गेला असेल असं तिला वाटलं असावं. तिने भावाला संदेश धाडला, तेजस नावाचा भारतीय विद्यार्थी शोध. मग मला सलाइन लावलं, माझा नंबर घेतला. आम्ही सोहारला पोचलो तेव्हा कितीतरी दिवसांनी माझ्या छातीवरचं ओझं जरा हललं होतं. सुधीरना म्हटलं, दत्तमहाराजांनीच तिला पाठवलं. तेही हो म्हणाले. त्यांना असं सहसा पटत नाही.

शनिवारी संध्याकाळी लॉर्नाचा संदेश आला. भाऊ बेटावर आणखी एक फेरी करून परत आला होता. त्याने गावच्या मुखियाला विचारलं, शाळेत आसरा घेतलेल्या सगळ्या लोकांत विचारलं. तेजस नावाचं तिथे कुणी नाही. भारतीय विद्यार्थी कुणी पाहिलेला नाही. किनाऱ्याकडची एक वस्ती पाण्याने नेली आहे आणि तिथली काही माणसं अजून सापडलेली नाहीत. खाली तिने लिहिलं होतं, सॉरी मॅम, मी प्रार्थना करते.

सुधीरनी तो दोनदा वाचला आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला. मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि खाली बसले. तोवर मी देवाला कितीतरी वचनं देऊन बसले होते. आता द्यायला काही उरलंच नव्हतं. घरी आण, हेही तोंडून निघेना, कारण कुणाला आण म्हणायचं तेच कळेना. नळाचं पाणी बघता बघता मी एवढंच म्हटलं, तो तुझा आहे. माझ्याकडे होता तेव्हाही तुझाच होता. तुला जे करायचं असेल ते कर, मी आता मध्ये येत नाही. हे बोलले आणि मोठी शांती लाभली असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. पोटातली भीती होती तिथेच राहिली. फक्त इतके दिवस मी जी मूठ आवळून बसले होते ती उघडली, आणि हात थकलेत एवढं जाणवलं.

दुसऱ्या दिवशी सुधीरनी काम तसंच टाकलं आणि आम्ही मस्कतला निघालो. बरका आलं तेव्हा मी म्हटलं, जरा थांबा, त्या नर्सला भेटू. कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं. तिच्या घराचं गेलेलं छप्पर, तिची वाचलेली आई, निदान तिच्याजवळ बसावं. लॉर्ना ड्यूटीवर होती. मला बघताच तिने कवटाळलं. मग बाकावर बसून हळूच म्हणाली, मॅम, माझ्या भावाला समजत नाहीये. आमच्या गावात परदेशी माणूस आला तर लहान पोरांनासुद्धा माहीत असतं. तुमचा मुलगा तिथे कशासाठी गेला होता?

सुधीर माझ्याकडे बघू लागले. मग, जे ते गेल्या दीड वर्षात एकदाही बोलले नव्हते ते त्यांनीच सांगितलं. म्हणाले, तो शिकायला गेलेला नाही. तो मिशनरी आहे, मॉर्मन. आणि मी म्हटलं, हो. पांढरा शर्ट घालतो. सायकलवर असतो. त्याच्याबरोबर एक धिप्पाड मुलगा असतो, सामोआचा.

लॉर्ना उभीच राहिली. "मॅम! मग आधी का नाही सांगितलंत? त्या पोरांची पहिली नावं कुणाला माहीत असतात?" ती स्वतः कॅथलिक, लहानपणी तिच्या गल्लीत ही मुलं यायची, तिची आई त्यांना नारळपाणी द्यायची, पण आईलासुद्धा त्यांचं पाळण्यातलं नाव कधी कळलं नाही. "छातीवरच्या पाटीवर काय असतं?"

"मोहिते," मी म्हटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, "एल्डर मोहिते."

तिने तिथूनच भावाला फोन लावला. तिकडे धक्क्यावर टॉवर सुरू झाला होता. त्यांची भाषा मला कळत नव्हती, मी फक्त तिच्या तोंडाकडे बघत होते. 'एल्डर मोहिते' एवढे दोन शब्द कळले. मग पलीकडून आरडाओरड ऐकू आली आणि ही हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. कालच, जेव्हा तिचा भाऊ शाळेत तेजस नावाच्या विद्यार्थ्याची चौकशी करत होता, तेव्हा त्याच्या होडीतली तांदळाची पोती खांद्यावरून उतरवून घेणारा मुलगा एल्डर मोहिते होता. भावाला तो भारतीय आहे हेही ठाऊक नव्हतं. तिथली भाषा बोलतो, उन्हाने काळा पडलाय, पाटीवरचं नाव ऐकून त्याला तो कुठल्यातरी बेटावरचाच वाटला होता. वादळाच्या रात्री त्या दोघांनी किनाऱ्याकडच्या म्हाताऱ्यांना एकेक करून शाळेत आणलं होतं. जोडीदाराचा हात मोडला होता, तेजस धड होता. शाळेत मोठ्या पातेल्यात भात शिजवायचं काम त्याच्याकडे होतं. आणि सगळ्यांत शेवटी लॉर्नाने आम्हाला सांगितलं की त्या म्हाताऱ्यांत तिची आई होती.

मी लॉर्नाचे दोन्ही हात माझ्या कपाळाला लावले. सुधीर तोंडाला रुमाल लावून दाराबाहेर गेले. त्या दिवशी मी इब्राहिमभाईंना फोन करून सगळं खरं सांगितलं, तो कुठे आहे, काय करतो, कोणत्या धर्मात आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हातारी मानसं उचलून आनली ना त्यानं? मग झालं तर. डॉक्टर काय येगळं करतो?"

चारपाच दिवसांनी तेजसचा व्हिडिओ कॉल आला. त्या दोघांना मोठ्या बेटावर आणलं होतं. गाल आत गेलेले, कपाळावर खपली. मला काय काय विचारायचं होतं, आणि मी विचारलं, जेवलास का? तो हसला. मग त्याचा चेहरा गंभीर झाला. "आई, आमच्या मिशनच्या प्रेसिडेंटनी सांगितलंय, ज्यांना घरी जायचंय त्यांनी जा. कुणी काही म्हणणार नाही. आईबाबांना विचार म्हणाले." तो अडखळला, पण इंग्रजीत पळाला नाही. "इथे शाळेला छप्पर नाही अजून. भात करायला माणसं कमी आहेत. पण तू म्हणशील तसं. मी येऊ का घरी?"

शेजारी सुधीरनी माझा हात घट्ट धरला. मला त्या हाताचा अर्थ कळत होता. घरी आण, घरी आण, म्हणून मी जे मागत होते ते माझ्या पुढ्यात ठेवलं होतं, फक्त हो म्हणायचं होतं. तेजस वाट बघत होता. त्याच्या मागे कुणीतरी त्याला हाक मारली, एल्डर, आणि त्याने मान वळवून हाताने 'आलो' अशी खूण केली, घरात मी हाक मारल्यावर करायचा तशीच. त्या माणसाचं त्याच्याकडे काहीतरी काम होतं. आईला मुलाकडे कायमच काम असतं, पण माझं काम थांबू शकत होतं.

मी म्हटलं, "राहा तू."

"नक्की?"

"नक्की. आता ठेव फोन, तुला बोलावतायत."

फोन बंद झाल्यावर सुधीरनी माझा हात सोडला. त्यांना माझा राग आला असता तरी मी समजू शकले असते. मग ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि दोघांसाठी चहा टाकला.

लोक मला विचारतात, हे दत्तगुरूंनी केलं की त्याच्या देवाने? शुक्रवारी मस्कतमध्ये जी कुटुंबं उपाशी बसली त्यांचं हे फळ, की बरक्याच्या मशिदीत इब्राहिमभाईंनी माझ्या मुलासाठी मागितलेल्या दुव्याचं, की लॉर्नाच्या प्रार्थनेचं? मला ठाऊक नाही, आणि जाणून घ्यावंसंही वाटत नाही. माझ्या मुलाला वाचवायला इतकी माणसं हात जोडून उभी होती, त्यांतली कितीतरी मला ओळखतही नव्हती, एवढं मला पुरतं. त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. आता मंडळातल्या बायका विचारतात तेव्हा मी खरं काय ते सांगते. काही जणी गप्प होतात, काही जास्त प्रश्न विचारतात. मी उत्तरं देते.

त्याचे अजून काही महिने उरलेत, आणि तिकडे वादळांचा मोसमही पुन्हा यायचाय. आकाश भरल्याची बातमी आली की मला आजही भीती वाटते. श्रद्धा वाढली म्हणून ती जात नाही. मी तसबिरीपुढे बसते, दिवा लावते. त्याला घरी आण, असं आता म्हणत नाही. जिथे ठेवलंस तिथे त्याला नीट ठेव, असं म्हणते. म्हणणं दर वेळी जड जातं, तरी म्हणते.